आठ महिने, अकरा डाव आणि कलकत्ता: ‘ॲक्सिस अँड अलाइज पॅसिफिक १९४०’चा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत ‘ॲक्सिस अँड अलाइज पॅसिफिक १९४०’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटावरील खेळाची दुसरी आवृत्ती आमच्या घरी अकरा वेळा मांडून झाली. जपान कायम माझ्या मेव्हण्याकडे. अमेरिका आणि चीन माझ्याकडे, ब्रिटन (या नकाशावर त्याची राजधानी कलकत्ता) एका शेजाऱ्यांकडे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं ॲनझॅक सैन्य माझ्या पुतणीकडे. पहिले सहा डाव आम्ही सरळ हरलो. पुढच्या पाचांत चार जिंकलो. मधल्या काळात काय बदललं ते सविस्तर सांगतो, कारण हा खेळ विकत घेणारे बहुतेक जण दोस्त राष्ट्रांकडून खेळताना आम्ही केलेलीच चूक करतात.

आधी खोक्याबद्दल. नकाशा मोठा आहे, चार माणसांच्या जेवणाच्या टेबलावर जेमतेम मावतो. प्लॅस्टिकची जहाजं आणि विमानं सुबक आहेत, पण जपानभोवतालच्या समुद्रात गर्दी झाली की हात लावायची भीती वाटते. सोंगट्यांखाली ठेवायच्या चकत्या, राखाडी एकची आणि लाल पाचची, आम्हाला दर वेळी कमी पडतात. आम्ही एक रुपयाची नाणी वापरतो. मांडणीला एक तास, डावाला सहा-सात तास. रविवारी सकाळी नाश्ता करून बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं, एवढी तयारी असेल तरच घ्या.

आता मुख्य गोष्ट. नकाशावर विजयाची आठ शहरं आहेत: टोकियो, शांघाय, हाँगकाँग, मनिला, कलकत्ता, सिडनी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को. जपानला यांपैकी सहा पुरतात. पहिली दोन सुरुवातीपासून त्याच्याकडेच असतात. हाँगकाँग आणि मनिला तो कधीही घेतो, ते वाचवायच्या फंदात पडू नये. म्हणजे उरला प्रश्न दोन शहरांचा, आणि त्यातलं पहिलं जवळजवळ नेहमी कलकत्ता असतं. दोस्तांना जिंकायचं तर टोकियो घ्यावं लागतं, असं नियमपुस्तक सांगतं. आम्ही पहिले सहा डाव त्याच एका वाक्यामागे धावलो. अमेरिकेच्या पैशातून २० आयपीसीच्या (आयपीसी म्हणजे या खेळातलं चलन) युद्धनौका घेतल्या, ट्रान्सपोर्ट म्हणजे सैन्य नेणारी जहाजं भरून ठेवली आणि हवाईहून जपानकडे निघालो. आम्ही निम्म्या वाटेवर असताना इकडे कलकत्ता पडलेलं असायचं. ब्रिटनचं उत्पन्न संपायचं, चीनला रसद पोहोचवणारा बर्मा रोड बंद व्हायचा, चीनला त्यातून मिळणारे ६ आयपीसी जायचे आणि चीन फक्त पायदळ विकत घेण्यापुरता उरायचा. मग जपानचं सगळं विमानदळ मोकळं होऊन सिडनी किंवा होनोलुलूकडे वळायचं.

सातव्या डावापासून आम्ही एकच ठरवलं: कलकत्ता पडू द्यायचं नाही. बाकी सगळं त्याच्या नंतर.

ब्रिटनची सुरुवात १७ आयपीसीने होते. त्यात पायदळाच्या पाच सोंगट्या येतात. पायदळ ३ ला मिळतं आणि बचावात २ वर मारतं, म्हणजे फाशावर २ किंवा कमी पडलं की घाव लागतो. एवढा स्वस्त बचाव या खेळात दुसरा नाही. शेजारी पहिल्या डावांत रणगाडे आणि विमानं घ्यायचे, आता निमूटपणे पायदळ रचतात. पण नुसत्या पायदळावर भागत नाही. बचावात ४ वर मारणारी लढाऊ विमानं लागतात आणि ती ॲनझॅककडून यावी लागतात. वाट लांबची आहे, म्हणून ती दोन फेऱ्या आधी निघाली पाहिजेत. जपानची जहाजं मलायापाशी दिसल्यावर निघून उपयोग नाही. पुतणी सुरुवातीला नाराज असायची, ‘माझी विमानं तुम्हीच वापरता’ म्हणून. तिची नाराजी रास्त होती. पण कलकत्त्यात तिची तीन विमानं बसली की मेव्हणा प्रत्येक पाळीला सोंगट्या मोजतो, पुन्हा मोजतो आणि हल्ला पुढे ढकलतो. आम्हाला तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट बेटांची. ज्याच्या ताब्यात बेट, त्याला दर पाळीला मिळणारे आयपीसी असे: सुमात्रा ४, जावा ४, बोर्निओ ४, सेलेबीस ३. चारही जपानकडे गेली की वर ५ आयपीसीचा बोनस. यांतल्या डच बेटांवर ब्रिटन आणि ॲनझॅक युद्ध जाहीर न करताही उतरू शकतात, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनचं ट्रान्सपोर्ट पहिल्याच पाळीत जावा किंवा सुमात्राला पाठवा. ॲनझॅकने डच न्यू गिनीवर एक पायदळ ठेवावं. आसपासची आपली बेटं शाबूत असतील तर युद्ध सुरू झाल्यावर त्याला ५ आयपीसीचा बोनस मिळतो. ज्याचं सुरुवातीचं उत्पन्नच १० आहे, त्याला हे केवढं मोठं!

नवव्या डावातला प्रसंग सांगतो. पाचवी फेरी. मेव्हण्याकडे चारही बेटं होती, त्याचं आरमार कलकत्त्यासमोर उभं होतं, पुढच्या पाळीला हल्ला नक्की होता. मी अमेरिकेचा हिशेब करत बसलो होतो. पुतणी नकाशावर वाकून म्हणाली, ‘काका, जावावर कुणीच नाहीये.’ खरंच नव्हतं. बेट रिकामं आणि भोवतीच्या समुद्रात एकही जपानी युद्धनौका नाही. तिने पश्चिम ऑस्ट्रेलियाहून एका ट्रान्सपोर्टमधून एक पायदळ उतरवलं. फासे टाकायचीसुद्धा गरज पडली नाही. जपानचे जावाचे ४ गेले, बोनसचे ५ गेले, एकूण ९. आणि तिला ४ मिळाले. मेव्हणा बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने कलकत्त्यासमोरची दोन ट्रान्सपोर्ट आणि एक विनाशिका जावाकडे परत फिरवली. तेवढ्यात कलकत्त्यात आणखी पाच पायदळ उभं राहिलं. तो हल्ला पुढे झालाच नाही.

अमेरिकेबद्दल माझं मत आता ठाम आहे. जपानने आधी कुरापत काढली नाही, तर तिसऱ्या पाळीच्या शेवटापर्यंत ती युद्धात उतरू शकत नाही. हा वेळ कंटाळवाणा वाटतो, पण विमानवाहू जहाजं, विनाशिका आणि पाणबुड्या घ्यायचा तोच वेळ. युद्धनौका घेऊ नका, तेवढ्या पैशात तीन पाणबुड्या येतात. आरमार आधी क्वीन्सलँडच्या नाविक तळावर न्यावं, मग कॅरोलाइन बेटं घ्यावीत. तिथेही नाविक तळ आहे, त्यामुळे जहाजं दोनऐवजी तीन घरं जातात, आणि जपान आणि फिलिपिन्स या दोन्हींवर एकाच जागेवरून वचक बसतो. मग जपानला आपलं आरमार कलकत्त्यासमोर ठेवणं परवडत नाही. बेटांच्या वाटांवर पाणबुड्या सोडल्या की प्रत्येकीचे दोन फासे. ३ किंवा कमी पडलं तर तेवढे आयपीसी जपानच्या खिशातून जातात. प्रत्यक्ष युद्धातही जपानी व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून जास्त टनभार अमेरिकन पाणबुड्यांनीच बुडवला, हे खेळताना सारखं आठवतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. कलकत्त्यातल्या सगळ्या सोंगट्या ‘ब्रिटन’ म्हणून मोजल्या जातात. प्रत्यक्षात बर्मा आघाडीवरच्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक हिंदुस्थानी होते. मार्च १९४४ मध्ये इम्फाळच्या वाटेवर सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची चौथी बटालियन होती. चीनला आणि ॲनझॅकला वेगळी ओळख मिळते, तशी हिंदुस्थानलाही मिळायला हवी होती. पुतणीला हे सांगितल्यापासून ती त्या सोंगट्यांना ‘आपलं पायदळ’ म्हणते.

आम्ही जिंकलेल्या चार डावांत एकदाही टोकियोत पाऊल ठेवलेलं नाही. आठव्या-नवव्या फेरीला कलकत्ता उभं असतं, बेटं हातची जात असतात, अमेरिकेचं आरमार दर पाळीला वाढत असतं, आणि मेव्हणा स्वतःच हात पुढे करून डाव सोडतो.

एका चालीवर अजून आमच्याकडे उत्तर नाही. जपान पहिल्याच पाळीत तुटून पडतो, मलायाजवळची ब्रिटिश युद्धनौका बुडवतो, हाँगकाँग आणि मनिला लगोलग घेतो. अमेरिका लवकर युद्धात येते हे खरं, पण कलकत्त्याला पायदळ रचायला आणि ॲनझॅकच्या विमानांना तिथे पोहोचायला वेळच मिळत नाही. शेवटच्या पाच डावांतला हरलेला एक याच चालीने गेला. पुढच्या वेळी ब्रिटनने बेटांचा नाद सोडून पहिल्या पाळीपासून सगळं सैन्य कलकत्त्यात गोळा करावं, असं शेजारी म्हणतात. पुतणीला जावा सोडायचं नाहीये. पुढच्या रविवारी आधी शेजाऱ्यांचं ऐकून खेळणार आहोत.