मोफत बोटीची चार तिकिटे: न्यू यॉर्कच्या बॅटरी पार्कमधील अनुभव

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून स्टेटन आयलंडला जाणाऱ्या नारिंगी बोटींना १९९७ पासून भाडे नाही. त्या वर्षी ४ जुलैला शहराने ५० सेंटांचे भाडे रद्द केले आणि तेव्हापासून शहराचा रहिवासी असो की परदेशी पाहुणा, दिवसा किंवा रात्री केव्हाही कोणीही या बोटीत पैसे न देता चढू शकतो. गेल्या उन्हाळ्यात याच बोटीसाठी आमच्या चौघांकडून प्रत्येकी ३५ याप्रमाणे १४० डॉलर घेण्यात आले. मुलांकडे अमेरिकेला जाणारी पुष्कळ मराठी मंडळी, मुले कामावर गेली की, आपली आपण शहर पाहायला बाहेर पडतात. त्यांना हा प्रकार नेमका कसा घडवून आणला जातो हे तपशिलाने कळावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आमचा मुलगा जर्सी सिटीत राहतो. तिथून पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरले की दक्षिण मॅनहॅटन पायी पाहता येते आणि त्यातले बरेचसे विनाशुल्क आहे. जुळ्या मनोऱ्यांच्या मूळ जागी बांधलेले दोन प्रचंड जलकुंड आणि त्यांच्या कठड्यावर कोरलेली मृतांची नावे पाहायला तिकीट लागत नाही. शेजारच्या भूमिगत संग्रहालयाला मात्र लागते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये ज्या जागी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तिथे वॉल स्ट्रीटवर आज फेडरल हॉलची इमारत आहे. पुढे बोलिंग ग्रीनपाशी जुन्या कस्टम हाउसमध्ये स्मिथसोनियन संस्थेचे अमेरिकेतील मूलनिवासींविषयीचे संग्रहालय आहे. ही इमारत आतून इतकी देखणी आहे की संग्रहालय नसते तरी पाहावी, आणि तिथेही प्रवेशशुल्क नाही. माझ्या साडूंनी हा सगळा क्रम कागदावर मांडला होता आणि दिवसाच्या शेवटी स्टेटन आयलंडची बोट ठेवली होती, कारण त्या बोटीतून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चांगला दिसतो.

बोलिंग ग्रीनहून बॅटरी पार्ककडे निघालो, तोच भडक रंगाचे जाकीट घातलेला, गळ्यात छायाचित्रासह ओळखपत्र अडकवलेला एक मनुष्य हसत पुढे आला आणि आम्हाला पाहून त्याने "नमस्ते" म्हटले. त्याच्या हातात प्लास्टिकचे आवरण घातलेला बंदराचा नकाशा होता. त्याचा पहिला प्रश्न होता, पुतळा पाहायचा आहे का? त्या वाटेने चालणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा या प्रश्नाला होच म्हणणार. दुसरा प्रश्न होता, तिकिटे काढली आहेत का? नाही म्हटल्यावर त्याने उद्यानाच्या काठाला सुरक्षा तपासणीसाठी लागलेल्या लांबलचक रांगेकडे बोट दाखवले आणि पुतळ्याच्या बेटावर जाणाऱ्या बोटींची आजची तिकिटे संपली आहेत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही तीन तास थांबावे लागेल, असे सांगितले. रांग खरी होती, त्यामुळे उरलेल्या बोलण्यालाही तिचे वजन आले.

साडूंनी त्याला स्पष्ट सांगितले की आम्हाला बेटावर उतरायचे नाही, स्टेटन आयलंडची फेरी हवी आहे आणि ती मोफत असते असे आम्हाला ठाऊक आहे. मोफत आहे हे त्याने नाकारले नाही. तो म्हणाला, "अगदी बरोबर, पण ती सवलत इथल्या रहिवाशांसाठी आहे. बाहेरून आलेल्यांना पर्यटक पास घ्यावा लागतो आणि त्यात परतीचा प्रवासही धरलेला असतो." ज्याने शहरातील मोठी संग्रहालये पाहिली आहेत त्याला हे अजिबात अविश्वसनीय वाटत नाही. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१८ पासून न्यू यॉर्क राज्याच्या रहिवाशांना ऐच्छिक रक्कम देऊन आत जाता येते, तर बाहेरच्या बहुतेक प्रौढांना ठरलेले तिकीट घ्यावे लागते. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातही न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या तीन राज्यांतील रहिवाशांना अशीच मुभा आहे. आम्ही त्याच आठवड्यात या दोन्ही ठिकाणी पूर्ण तिकीट काढले होते. त्याच्या खोट्याचा साचा असा शहरातल्याच एका खऱ्या नियमाचा होता, आणि माझ्या मते या धंद्यातील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे.

सुरुवातीला त्याने प्रत्येकी ४५ डॉलर सांगितले, मग आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून ज्येष्ठांसाठी म्हणून ३५ वर आणले. साडूंनी त्यांचे आणि मेहुणीचे ७० डॉलर रोख दिले. आमच्या दोघांचे ७० मी कार्डाने दिले. त्यासाठी मोबाइलला जोडलेले छोटे यंत्र त्याच्याजवळ तयार होते. आम्हाला चार गुळगुळीत रंगीत कागद मिळाले. त्यांवर बोटीचे आणि पुतळ्याचे चित्र होते, पण तारीख, वेळ, कंपनीचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. तसलेच जाकीट घातलेला दुसरा एक मनुष्य आम्हाला व्हाइटहॉल टर्मिनलच्या दारापर्यंत सोडायला आला आणि दारातूनच मागे फिरला.

आत एक प्रशस्त दालन आहे, बसायला बाके आहेत आणि समोर बोटीकडे उघडणारी मोठी दारे आहेत. तिकीट तपासण्याचे फिरते फाटक कुठेच नाही. दारे उघडली तशी कार्यालयांतून घरी निघालेली माणसे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, शाळेची पोरे असा शेकडोंचा लोंढा सरळ बोटीत शिरला. चारही तिकिटे हातात धरून ती कोणाला दाखवायची हे शोधत माझी पत्नी मागे राहिली. अखेर तिने गणवेशातील एका कर्मचाऱ्यापुढे ती धरली. त्याने कागदाकडे पुरते पाहिलेही नाही. या बोटीचे तिकीट अस्तित्वातच नाही, बाहेर कोणाला एक सेंटही देऊ नका, आता लवकर चढा, असे त्याने सांगितले. त्याच्या स्वरात आश्चर्याचा लवलेश नव्हता. हीच वाक्ये तो रोज अनेकांना ऐकवत असावा.

या फसवणुकीला तीच जागा का सोयीची, याचा पुढे बराच विचार केला. जिथे पैसे द्यावे लागतात तिथे खिडकी असते, दरफलक असतो, खिडकीमागे अधिकृत माणूस असतो, आणि खोटे तिकीट घेऊन गेलेला निदान दारात अडवला तरी जातो. मोफत जागी यांतले काहीच नसते. पैसे घेणारा नाही, त्याचप्रमाणे "पैसे लागत नाहीत" असे आधी सांगणाराही दारात उभा नसतो, आणि ही रिकामी जागा कोणीही बाहेरच्या बाहेर भरून काढू शकतो. शिवाय खोटे तिकीट घेतलेला माणूसही बोटीत चढतो, पुतळा पाहतो आणि समाधानाने परत येतो, त्यामुळे आपण फसलो हे अनेकांना कधी कळतही नसावे. मेहुणीने अनोळखी सहप्रवाशांना विचारले तेव्हा त्याच बोटीवर आणखी एका परदेशी कुटुंबाच्या हाती आमच्यासारखेच कागद निघाले, आणि ते आपापली तिकिटे जपून ठेवत होते. पर्यटकांकडून या बोटीसाठी माणशी २०० डॉलरपर्यंत रक्कम उकळल्याच्या बातम्याही न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांत येऊन गेल्या आहेत. त्या मानाने आमच्या वाट्याला आलेला विक्रेता दयाळूच म्हणायचा.

पुतळ्याच्या बेटाविषयीही स्पष्टता हवी, कारण विक्रेत्यांचा सगळा खेळ या दोन बोटींची सरमिसळ करण्यावर चालतो. लिबर्टी आयलंड आणि एलिस आयलंड या बेटांवर उतरण्याला वेगळे प्रवेशशुल्क नाही, पण तिथे जाणाऱ्या बोटीचे भाडे द्यावेच लागते आणि त्या बोटी चालवण्याचा अधिकार स्टॅच्यू सिटी क्रूझेस या एकाच कंपनीला आहे. तिची तिकिटे संकेतस्थळावर किंवा बॅटरी पार्कमधील कॅसल क्लिंटन या जुन्या गोल किल्ल्याच्या आत मिळतात. पदपथावर चालत येऊन जो तिकीट देऊ करतो तो या कंपनीचा नव्हे, असेच धरून चालावे. ज्यांचा मुक्काम न्यू जर्सीत आहे त्यांनी मॅनहॅटनला जाण्याचीही गरज नाही, कारण याच कंपनीच्या बोटी जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही सुटतात. ही गोष्ट आमच्या मुलालाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. याखेरीज बंदरात फेरफटका मारून आणणाऱ्या खासगी बोटी आहेत. त्यांचा व्यवसाय रीतसर असला तरी त्या बेटाला लागत नाहीत, आणि "पुतळ्यापर्यंत" नेतो असे म्हणून त्यांचीही तिकिटे रस्त्यावर गळ्यात मारली जातात. अशी तिकिटे रस्त्यावर विकणाऱ्याला शहराचा परवाना लागतो. पण गळ्यातले ओळखपत्र परवान्याचे आहे की घरी छापलेले, हे पाहुण्याने तिथे उभ्या उभ्या कसे ओळखायचे? त्यापेक्षा तिकीट कुठे मिळते आणि कशाला लागतच नाही, हे घरून निघण्यापूर्वी शहराच्या किंवा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अधिकृत पानावर पाहून घेणे सोपे.

मोफत ठिकाणांभोवती याच जातीचे इतर प्रकारही पाहिले. टाइम्स स्क्वेअरमध्ये कार्टूनमधील पात्रांचे वेश घातलेली माणसे स्वतःहून लहान मुलांना जवळ घेतात आणि छायाचित्र निघताच बक्षिशी मागतात. देणे ऐच्छिक आहे, पण चार जण गराडा घालून उभे राहिले की ते ऐच्छिक वाटत नाही. सेंट्रल पार्क तर पूर्णपणे मोफत आहे, मात्र त्याच्या दक्षिण बाजूला उभ्या असलेल्या सायकलरिक्षांचे दर मिनिटाच्या हिशेबाने असतात. दरपत्रक लावणे बंधनकारक असले तरी आपण विचारतो एका फेरीचे आणि चालक सांगतो एका मिनिटाचे, त्यामुळे उतरताना आकडा शेकड्यांत गेलेला असतो. जुन्या मालवाहू रेल्वेच्या उंच मार्गावर केलेल्या हाय लाइन या बागेत आणि टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात भिक्षूंची वस्त्रे घातलेली माणसे हातात सोनेरी चकती किंवा मण्यांचे कडे ठेवतात आणि मग मंदिरासाठी देणगीची वही पुढे करतात. हे खरे भिक्षू नव्हेत, असे न्यू यॉर्कमधील बौद्ध मंडळींनीच जाहीरपणे सांगितले आहे. आपल्याकडच्या माणसाला त्या वस्त्रांपुढे नाही म्हणणे जड जाते, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला. ब्रुकलिन पुलावर चालायला किंवा ४२व्या रस्त्यावरचे सार्वजनिक ग्रंथालय पाहायला कोणी पैसे मागितले, तर तेही द्यायचे नाहीत.

एवढे सगळे होऊनही ती बोट जरूर घ्यावी असेच मी म्हणेन. जाताना उजव्या बाजूला, शक्यतो बाहेरच्या सज्जात उभे राहावे, म्हणजे पुतळा त्या बाजूने दिसतो. परतताना तोच डावीकडे येतो आणि समोर दक्षिण मॅनहॅटनच्या इमारती हळूहळू मोठ्या होत जातात. एका बाजूचा प्रवास सुमारे २५ मिनिटांचा आहे. स्टेटन आयलंडच्या सेंट जॉर्ज टर्मिनलला सर्वांना उतरावेच लागते; उतरून आतूनच वळसा घालून परतीच्या बोटीसाठी पुन्हा दालनात यायचे, आणि त्यालाही पैसे नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी कार्यालयीन वेळेत बोटी अधिक असतात, पण गर्दीही तशीच असते, म्हणून दुपार बरी.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्याने लगेच ३११ या शहराच्या सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे ठिकाण, वेळ, जाकिटाचा रंग आणि विक्रेत्याचे वर्णन विचारले गेले. कार्डाच्या व्यवहारासाठी त्याने मला त्याच रात्री बँकेकडे हरकत नोंदवायला लावली. बँकेला तिकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, व्यवहाराची नोंद आणि फेरी मोफत असल्याचे सांगणारे शहराच्या वाहतूक विभागाचे पान, असे तीन कागद पाठवले. बँकेने दोनदा खुलासा मागितला, आणि आम्ही भारतात परतल्यानंतर ७० डॉलर माझ्या खात्यात परत जमा झाले. साडूंनी रोख दिलेल्या ७० डॉलरांसाठी असा कोणताही मार्ग नव्हता. ३११ वरून त्यांना तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे मात्र परत मिळाले नाहीत.