सुरक्षा क्लिनिक: परम्याचा करडा किट कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांवरच्या उपचारांचे सरकारी केंद्र असते. पुरुष सहसा त्वचा व गुप्तरोग ओपीडीत जातात, स्त्रिया स्त्रीरोग ओपीडीत. जागा सापडली नाही तर 1097 या मोफत नंबरवर विचारा. परम्यासाठी, म्हणजे गनोरियासाठी, ही सेवा औषधाच्या बाबतीत चांगली आणि निदानाच्या बाबतीत अपुरी आहे.

लघवीच्या वाटेने पू येतो, जळजळ होते, असे सांगितल्यावर तपासून करड्या रंगाचा किट क्रमांक 1 देतात. मूळ रचनेत दोनच औषधे आहेत: सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम आणि ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम. परम्यासोबत अनेकदा क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोगही असतो आणि नुसत्या लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ही जोडी. डोस एकदाच घ्यायचा असल्याने कोर्स अर्धवट सुटत नाही. तासाभरात उलटी झाली तर मात्र लगेच परत जाऊन सांगा, डोस पुन्हा घ्यावा लागतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सिप्रोफ्लॉक्सासिन आणून खाणे हा वाया जाणारा खर्च आहे. परम्याचे जंतू त्याला केव्हाच सरावलेत.

आता अपुरेपणा. किट लक्षणांवर मिळतो, आणि परमा झालेल्या अनेक स्त्रियांना लक्षणेच नसतात. तक्रार नाही म्हणून किट नाही, आणि जंतू आत गर्भनलिकांपर्यंत पोचतो. नलिका बंद होऊन मूल न राहणे, नलिकेत गर्भ राहणे, बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होणे, हे सगळे अशा उपचार न झालेल्या परम्यातून होऊ शकते. म्हणून पुरुषाने एकट्याने किट घेऊन निघून जाऊ नये. गेल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक जोडीदाराला त्रास नसला तरी उपचार हवेत. दोघांचे औषध झाल्यावर 7 दिवस संबंध नकोत. हे पाळले नाही तर संसर्ग परत होतो आणि दोष औषधाला दिला जातो.

मुखमैथुन झाला असेल तर समुपदेशकाला स्पष्ट सांगा. घशातला परमा बहुधा जाणवत नाही आणि सेफिक्झिम तिथे कमी पडते. सेफ्ट्रिॲक्झोनचे इंजेक्शन जास्त भरवशाचे.

सातव्या दिवशी पुन्हा दाखवा. पू तसाच असेल आणि मधे संबंध आला नसेल तर कल्चर मागा, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून करायची तपासणी. ही सोय सगळीकडे नाही, मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारावे लागते. नमुना नवे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या, आणि नमुना देण्यापूर्वी तासभर तरी लघवी करू नका. हा जंतू सुकला की मरतो, त्यामुळे नमुना लगेच प्रयोगशाळेत पोचायला हवा.

एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी त्याच भेटीत करून घ्या, आणि तीन महिन्यांनी परत एकदा.