एका वर्षाच्या अनुभवानंतर: वसईतली सिस्टरांची शाळा, तिथले शिक्षक आणि कॅलेंडरमधलं शेऱ्यांचं पान

हा अनुभव मी गेल्या जुलैत रागाच्या भरात लिहायला घेतला होता. तेव्हा पूर्ण केला नाही, ते बरंच झालं. आता मुलाची आठवी संपली, निकाल हातात आला आणि त्याच दिवशी एक बातमी कळली, म्हणून पहिल्यापासून लिहितो. शाळेचं नाव देत नाही. वसई तालुक्यातली, सिस्टरांनी चालवलेली, अनुदानित, सेमी-इंग्रजीची. इथल्या लोकांना एवढं पुरे. प्रवेश, गणवेश, वर्गणी हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला शिक्षकांबद्दल लिहायचंय, आणि कॅलेंडरबद्दल.

कॅलेंडर म्हणजे शाळेची डायरी. मागच्या चार पानांवर शेऱ्यांचे रकाने असतात: तारीख, शेरा, शिक्षकांची सही, पालकांची सही. हरवलं किंवा खराब झालं की दीडशे रुपये भरून नवं घ्यायचं. आमचं जूनमध्येच दप्तरात भिजलं. पहिल्याच महिन्यात दीडशे रुपये गेले. मी हिशेबाच्या कामात आहे, असे खर्च माझ्या लक्षात राहतात.

सकाळी ७:२० ला फाटक बंद होतं. आम्ही स्टेशनच्या पूर्वेला राहतो, शाळा पश्चिमेला वाडीत. पाऊस लागला की पाणी भरतं, रिक्षावाले येत नाहीत. जुलैत तीन वेळा उशीर झाला. तिसऱ्या वेळी लाल शाईत शेरा आला: 'पुन्हा उशीर. पालकांनी भेटावे.' 'पुन्हा'च्या खाली दोन रेघा. त्या दोन रेघांचा मला फार राग आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो, तर ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं, भेटीची वेळ मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर. मी गेलो होतो बुधवारी. फोनवर कोणी बोलायला तयार नाही. त्यानंतर मी गेलोच नाही. शेऱ्याखाली सही केली आणि विषय बंद केला.

मत बदलायला सुरुवात झाली ती मराठीच्या सरांमुळे. सर वसईचेच. पहाटे केळीच्या वाडीत काम करून मग शाळेत येतात, घरी कादोडी ही वसईची बोली बोलतात आणि वर्गात अगदी शुद्ध पुस्तकी मराठी. २५ जुलै २०२४ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. पुढच्या तासाला सरांनी पुस्तक उघडलंच नाही. वसईच्या मातीतला एक धर्मगुरू 'सुवार्ता' मासिक चालवतो, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरतो आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, हे त्यांनी मुलांना तासभर सांगितलं. मग गृहपाठ दिला: घरात बोलले जाणारे पण पुस्तकात न सापडणारे दहा शब्द लिहून आणा. माझी आई रत्नागिरीकडची. मुलगा संध्याकाळी तिच्याजवळ वही घेऊन बसला. तिने 'आगोट' शब्द दिला. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायची बेगमी. दुसऱ्या दिवशी सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "आमच्याकडेही हाच शब्द." आईने हे मला जेवताना दोनदा सांगितलं.

गणिताच्या टीचर सफाळ्याहून डहाणू लोकलने येतात. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाला त्यांची केंद्रावर ड्युटी होती. मशीन जमा करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली. त्याच आठवड्यात त्यांनी फॅक्टरायझेशनचा राहिलेला भाग जादा तास घेऊन संपवला. नोकरीला लागल्या २००५ नंतर, म्हणजे जुनी पेन्शन नाही. त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात मात्र होत्या.

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबरच्या ओपन हाउसला वर्गशिक्षिका सिस्टरांसमोर बसलो. मनात जुलैच होता. मी म्हटलं, "सिस्टर, तो शेरा जरा जास्तच झाला." त्यांनी काही उत्तर न देता एक लाँगबुक पुढे केलं. ब्राउन पेपरचं कव्हर, प्रत्येक मुलाला दोन पानं. माझ्या मुलाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'उशीर. मोजे ओले. स्टाफरूममध्ये वाळवले.' त्याखाली: 'डबा नाही. कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा खाऊन आलो म्हणाला.' आणि त्याखाली, तिसऱ्या उशिराच्या तारखेला: 'फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतो. डोळे तपासायला हवेत. पालकांशी बोलणे.'

त्यांनी मला बोलावलं होतं ते डोळ्यांसाठी.

मी विचारलं, मग हे कॅलेंडरमध्ये का नाही लिहिलंत? सिस्टर म्हणाल्या, "मुलं एकमेकांची कॅलेंडर वाचतात. चष्म्याचं वाचलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं." त्याच शनिवारी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा नंबर निघाला. माझ्या रागापायी मुलाने अडीच-तीन महिने फळा न दिसता काढले. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

सिस्टरांबद्दल आणखी एक गोष्ट मला माझ्या कामामुळे कळली. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि धर्मगुरूंच्या पगारातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जाईल, पगार ते संस्थेला देत असले तरी. दारिद्र्याचं व्रत घेतलेला माणूस कायद्याने कमावता नाही, हा युक्तिवाद टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल मला पटला. पण तो वाचेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की या बाई पंचवीस वर्षं नोकरी करताहेत आणि पगारातला रुपयाही स्वतःचा म्हणून ठेवत नाहीत. पुढे बोलताना कळलं, रिक्षाचं भाडंसुद्धा कॉन्व्हेंटच्या वहीत लिहावं लागतं. मी दीडशे रुपयांच्या कॅलेंडरवरून मनात किती बोललो होतो.

तरीही तक्रार आहे, ती मागे घेत नाही. 'भेटावे' एवढ्यावर नोकरदार पालक येत नाहीत. एक फोन केला असता तर जुलैतच चष्मा लागला असता. आणि बुधवारी आलेल्या माणसाला खिडकीवरून परत पाठवू नये. पाच मिनिटं सिस्टरांना वर्गाबाहेर बोलावता आलं असतं.

निकालाच्या दिवशी कळलेली बातमी म्हणजे सिस्टरांची बदली. बदलीचा आदेश त्यांच्या धर्मसंघाकडून येतो आणि त्यावर त्यांचं काही चालत नाही. मुलगा घरी येऊन गप्प बसला होता. मी त्यांना भेटायला गेलो, या वेळी शुक्रवारी, शाळा सुटल्यावर. लाँगबुकचं काय होणार, एवढंच विचारलं. नववीच्या वर्गशिक्षकांना देऊन चाललेय म्हणाल्या, आणि माझ्या मुलाच्या पानावर नवा नंबर लिहायचा राहिला होता तो विचारून घेतला.

जूनमध्ये पालक-शिक्षक संघाची सभा आहे. कॅलेंडरमध्ये शेऱ्याच्या पानावर 'फोन करा' असा एक रकाना छापून घ्यावा, असं मी तिथे लेखी देणार आहे. छपाईचा खर्च वाढत नाही, विचारून घेतलं आहे.