वर्षाकाठी पंधरा दिवसांच्या कामासाठी चेन सॉ : स्टिल एमएस 180 वापरल्यानंतरचे मत

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याच दुपारी शेजारच्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील बागाही त्याने झोडपून काढल्या. दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत नारळ-सुपारीची झाडे, दोन जुने रायवळ आंबे आणि बांधावरचे आकेशिया आडवे झाले. पंचनामा झाल्यावरही कित्येक आठवडे लाकूड जागचे हलले नाही, कारण कटर मशीन, म्हणजे चेन सॉ (फिरत्या साखळीने लाकूड कापणारी यंत्रकरवत), चालवणारे मोजके लोक होते आणि प्रत्येक वाडीला ते एकाच वेळी हवे होते. यापुढे निदान वाट मोकळी करण्यापुरते तरी स्वतःचे मशीन असावे, असे तेव्हा घरात ठरले. माझी पहिली निवड चुकली, दुसरी बरोबर ठरली. वर्षातून दहा-पंधरा दिवस वाडी साफ करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने मशीन कसे निवडावे, हे या दोन्ही निवडींनी मला शिकवले.

पहिले मशीन मी ऑनलाइन मागवले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘58 सीसी’ असे छापलेले, सोबत 22 इंची पाते (ज्याच्या कडेने साखळी फिरते ती पट्टी) आणि किंमत जेमतेम सहा-सात हजार. पहिल्या हंगामात त्याने लाकूड झपाट्याने कापले, हे मान्य करायला हवे. पावसाळ्यात ते पडवीतल्या माळ्यावर ठेवले आणि दिवाळीनंतर खाली काढले, तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी ते सुरू होईना. तालुक्याच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून आतला डायफ्रॅम माझ्या तळहातावर ठेवला. एरवी कातड्यासारखी मऊ असणारी ती पातळ चकती वाळलेल्या पानासारखी कडक झाली होती आणि खाली चिकट, आंबूस वासाचा थर साचला होता. “मशीन सोडा भाऊ, पेट्रोल कुजलंय,” तो म्हणाला. खरी अडचण पुढे आली. त्या मशीनवर धड मॉडेल क्रमांकच नव्हता, त्यामुळे मागवलेला डायफ्रॅम दोनदा चुकीच्या मापाचा आला. त्याची साखळीही तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या साखळ्यांपेक्षा वेगळ्या पिचची (कड्यांमधल्या अंतराची) होती. शेवटी चेन ब्रेकचा, म्हणजे साखळी थांबवणाऱ्या ब्रेकचा, पट्टा सैल झाल्याचे लक्षात आले आणि त्या दिवसापासून मी ते मशीन हातात घेतले नाही.

रोज आठ तास लाकूड कापणाऱ्या माणसाचे मशीन सतत चालते राहते, त्यामुळे त्याचे दोष लगेच दिसतात आणि लगेच दुरुस्तही होतात. आपले मशीन मात्र वर्षातले साडेअकरा महिने बंद असते, आणि त्यातले चार महिने तर कोकणातल्या दमट हवेत. म्हणून आपल्यासारख्याने ताकदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात : इतके दिवस पडून राहिल्यावर मशीन सुरू होते का, आणि झाले नाही तर त्याचा सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस एसटीच्या एका फेरीत गाठता येतो का. या दोन कसोट्या लावून मी त्यानंतर स्टिल कंपनीचे एमएस 180 घेतले. या जर्मन कंपनीच्या लहान यंत्रांपैकी ते एक आहे.

इंजिन 31.8 सीसीचे, ताकद सुमारे 1.4 किलोवॅट, आणि पाते-साखळी सोडून वजन चार किलोच्या आसपास. खोक्यावरच्या 58 सीसीशी तुलना करून हे यंत्र खेळण्यातले वाटेल. दुकानात मलाही तसेच वाटले होते. पण सीसी म्हणजे केवळ सिलिंडरचे आकारमान असते, त्यातून साखळीपर्यंत ताकद किती पोहोचते हे इंजिनाच्या बांधणीवर ठरते. त्याच वेळी मी पाहिलेले हुस्क्वार्ना या स्वीडिश कंपनीचे 120 हे मॉडेल 38 सीसीचे आहे, त्याचीही ताकद 1.4 किलोवॅटच लिहिलेली आहे आणि वजन मात्र पाऊण-एक किलोने जास्त आहे. तेही चांगले यंत्र आहे. हुस्क्वार्नाचा विक्रेता तुमच्या जवळ असेल आणि स्टिलचा दूर असेल, तर डोळे झाकून हुस्क्वार्ना घ्यावे. माझ्या बाबतीत उलट होते, एवढेच माझ्या निवडीचे कारण.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आमच्या बांधावर मुख्यतः आकेशिया आणि गिरिपुष्प माजते. वीतभर ते हातभर जाडीचे हे लाकूड एमएस 180 विनातक्रार कापते. मी 16 इंची पाते घेतले, पण आज पुन्हा घ्यायचे झाले तर 14 इंची घेईन, कारण लहान पात्यावर साखळीला धार लावायला वेळ कमी लागतो आणि करवंदीच्या जाळीत शिरताना टोक नको तिथे टेकत नाही. यंत्र किती चांगले कापते यापेक्षा साखळी किती धारदार आहे यावर कामाचा वेग ठरतो, आणि हे ओळखायला जमिनीवर पडणारा भुसा पाहणे पुरेसे असते. साखळी धारदार असेल तर चपट्या, जाड कपच्या उडतात आणि यंत्र स्वतःहून लाकडात उतरते; बोथट झाली की पिठासारखी भुकटी पडू लागते, हात जोर लावू लागतात, लाकूड करपल्याचा वास येतो आणि काप एका बाजूला वळतो. कोकणात साखळीचा सर्वांत मोठा शत्रू जांभा दगड. पडलेले खोड कापताना शेवटच्या इंचाला टोक जांभ्याला क्षणभर जरी घासले, तरी त्या दिवसाची धार गेली असे समजावे. म्हणून खोडाखाली आधी फाटे सरकवून ते उचलून घ्यावे, किंवा वरून दोन तृतीयांश कापून खोड उलटे करावे आणि उरलेला काप दुसऱ्या बाजूने द्यावा.

धार लावणे स्वतः शिकून घ्यावे, हा माझा आग्रह आहे. या यंत्राच्या साखळीला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. साखळीच्या दातावर खूण कोरलेली असते, त्या 30 अंशांच्या कोनात कानस धरून आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाब देत, प्रत्येक दाताला मोजून तीन घास द्यायचे. एका बाजूचे सगळे दात संपले की दुसऱ्या बाजूचे घ्यायचे आणि दोन्ही बाजूंना घास सारखेच द्यायचे, नाहीतर काप वाकडा जातो. मी पेट्रोलच्या प्रत्येक दुसऱ्या टाकीनंतर हे करतो. दहा मिनिटे लागतात. दोन साखळ्या घरात ठेवाव्यात. विकत घेताना पिच, जाडी आणि कड्यांची संख्या वहीत लिहून न्यावी, कारण एक कडी कमी-जास्त असली तरी साखळी बसत नाही.

या यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दोन फुटी रायवळ आंब्याचे खोड त्याचे काम नव्हे. तसे लाकूड पुढे येईल तेव्हा मोठे यंत्र असलेला माणूसच बोलवावा, मी आजही बोलवतो. नारळ-सुपारीच्या खोडाचे ओले तंतू स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये सुतासारखे गुंडाळले जातात आणि दर दहा-बारा कापांनी कव्हर उघडून ते काढावे लागतात. बांबूच्या सालीत सिलिका असल्याने त्यावर धार फार लवकर जाते. घाणेरी, रानमोडी आणि बोटभर जाडीचे झुडूप यांना तर चेन सॉ लावूच नये, कारण बारीक फांदी साखळीत अडकून अंगावर फेकली जाते. त्या कामाला कोयता किंवा ब्रश कटर योग्य. साखळी ताणायला या मॉडेलमध्ये पान्याने नट सैल करून स्क्रू फिरवावा लागतो. हाताने फिरवायची चकती असलेली मॉडेल वेगळी मिळतात, पण पान्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

इंधनाबाबत मात्र कसलीही हयगय चालत नाही. हे दोन स्ट्रोक इंजिन आहे आणि कंपनीच्या तेलासाठी 50 ला 1 हे प्रमाण आहे, म्हणजे 1 लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर टू-टी (दोन स्ट्रोक इंजिनाचे) तेल. प्रमाण अंदाजाने न घेता मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सिरिंजने मोजावे. आपल्याकडच्या पंपांवर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषते. काचेच्या बाटलीत असे पेट्रोल घेऊन त्यात थोडे पाणी घातले, तर तळाशी वेगळा थर बसलेला डोळ्यांनी दिसतो. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हेच हळूहळू घडू शकते. म्हणून मी एका वेळी अर्धा लिटरच मिश्रण करतो, ते दोन-तीन आठवड्यांत संपवतो आणि मे महिन्याच्या अखेरीस टाकी रिकामी करून, आत उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. त्यानंतर एअर फिल्टर ब्रशने झाडायचा, साखळी काढून तेलात बुडवून ठेवायची आणि यंत्र माळ्यावर नव्हे तर घरातल्या कोरड्या कपाटात ठेवायचे. एवढे केल्यावर दर दिवाळीला ते चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू झाले आहे. साखळीच्या तेलाच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती सोडावी. त्यातला धातूचा कचरा तेलाचा पंप आणि पाते दोन्ही खातो, आणि तेच तेल आपल्या वाडीच्या मातीत मुरते.

सुरक्षेविषयी दुकानदार फारसे बोलत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला टेकला, तर यंत्र डोळ्याचे पाते लवण्याआधी चेहऱ्याकडे उसळते. पुढच्या मुठीसमोरचे कव्हर हे केवळ हाताचे संरक्षण नसून चेन ब्रेकचा खटका आहे. यंत्र उसळले की तो पुढे जाऊन साखळी थांबवतो. दर सकाळी काम सुरू करण्यापूर्वी यंत्र जमिनीवर ठेवून, वेग देऊन, खटका पुढे ढकलून साखळी जागीच थांबते का हे पाहावे. थांबत नसेल तर त्या दिवशी काम करू नये. सुरू करताना यंत्र जमिनीवर टेकवून, मागच्या मुठीत पायाचा पुढचा भाग घालून दोरी ओढावी. एका हातात लोंबकळते धरून दुसऱ्या हाताने झटका देण्याची रीत अनेक गावांत दिसते, ती अत्यंत घातक आहे. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर यंत्र धरून कधीही कापू नये. जाळीचा किंवा पारदर्शक पडदा असलेले हेल्मेट, कानाचे मफ, बूट आणि शक्य झाल्यास चेन सॉसाठीची खास विजार घ्यावी. तालुक्यात ती सहज मिळत नाही, पण विक्रेता मागवून देतो.

वादळात उन्मळलेल्या झाडाचा धोका याहून निराळा. मुळांसह उपटलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ कापले, की मातीने लडबडलेला मुळांचा गड्डा अचानक पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो, आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस खाली सापडतो. अशा खोडाची कोणती बाजू दबलेली आहे आणि कोणती ताणलेली, हे ओळखता येईपर्यंत त्याला हात लावू नये. मी अशी झाडे आजही अनुभवी माणसाकडूनच कापून घेतो.

दुकानात गेल्यावर यंत्र आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगावे, साखळी ताणायला आणि धार लावायला शिकवायला सांगावे, आणि सुट्या भागांच्या कपाटात डायफ्रॅम, फिल्टर, स्प्रॉकेट आहेत का हे स्वतः पाहावे. जो विक्रेता अर्धा तास याला देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. किंमत ऑनलाइनच्या स्वस्त यंत्राच्या तिपटीहून अधिक पडते, हे खरे. पण बंद पडलेले सहा हजारांचे यंत्र आणि मजुरीचा खाडा यांची बेरीज मी करून पाहिली आहे. घराच्या अंगणापुरत्या फांद्या छाटायच्या असतील तर बॅटरीवर चालणारे यंत्र पुरते. ज्या वाडीत वीज पोहोचलेली नाही तिथे त्याचा विचार करू नये.

यंत्र हाती आले म्हणून कोणतेही झाड कापता येत नाही, हेही आधीच समजून घ्यावे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा अशी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आमच्या बांधावर एक किंजळ वाळत आला आहे. त्याचा अर्ज वन विभागाकडे दिला आहे, आणि परवानगी येईपर्यंत त्याच्या आजूबाजूचा आकेशिया तेवढा दर हंगामात काढत आहोत.