स्वमग्न मुलासाठी जलतरण वर्ग : सात महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे; तो मोजकेच शब्द बोलतो, पाण्याची ओढ मात्र त्याला लहानपणापासून आहे. फेब्रुवारीत त्याला पुण्यातील एका तलावावर सर्वसाधारण मुलांच्याच बॅचमध्ये घातले, त्याला आता सात महिने होत आले.

प्रवेशाच्या वेळी कार्यालयातून ‘अशा मुलांची वेगळी बॅच शोधा’ असा सल्ला मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा नावानिशी समावेश आहे आणि त्याचे कलम ३० खेळांतील सहभागाविषयीच आहे, हे दाखवल्यावर फॉर्म घेतला गेला. मूल तेथे रमले याचे श्रेय मात्र प्रशिक्षकांचे आहे. त्यांनी स्वमग्नतेविषयी वेगळे प्रशिक्षण घेतलेले नाही आणि मला त्याची फारशी उणीवही जाणवली नाही. शॉवर, काठावर बसून पाय मारणे, फ्लोट धरून फेऱ्या, मोकळा खेळ आणि शेवटी टॉवेल अशी चित्रांची लॅमिनेट केलेली पट्टी आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजच्या कृती जमाव्यात यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) सल्ल्याने नेली, आणि सरांनी तो क्रम कधीही मोडला नाही. ते सूचना दोन-तीन शब्दांतच देतात, आधी स्वतः करून दाखवतात आणि शिट्टी त्याच्यापासून लांब जाऊन वाजवतात. कान पाण्याखाली गेलेले त्याला सहन होत नाही, म्हणून पाठीवर तरंगणे त्यांनी कितीतरी आठवडे बाजूला ठेवले. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

उन्हाळी सुट्टीतील गर्दी कशीबशी निभावली. खरी अडचण पावसाळ्यात आली, कारण तलाव नदीकाठाजवळ आहे आणि गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशा पथकांचे सराव ऐन संध्याकाळी चालतात. आवाज रोखणारे हेडफोन घालून काही पोहता येत नाही. सकाळच्या बॅचमध्ये जागा मिळाली तेव्हा प्रश्न सुटला.

‘इतर मुलांत मिसळेल’ या आशेने येणाऱ्या पालकांनी अपेक्षा बेताची ठेवावी. तो अजून शर्यतीत उतरत नाही, कोणाला हाकही मारत नाही. मात्र आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभा राहतो, आणि मी यालाही सहभागच मानतो. पोहता येऊ लागले तरी काठावरून नजर हलवू नये, कारण स्वमग्न मुलांत बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा बराच जास्त असतो.

तक्रार एकच आहे. सर रजेवर असले की बदली प्रशिक्षक येणार हे आधी कळत नाही आणि मुलगा पाण्यात उतरतच नाही. आदल्या रात्री बदली प्रशिक्षकांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा, अशी लेखी विनंती मी कार्यालयाला केली आहे. तेवढी सोय झाली तर पुढील वर्षाचे शुल्क मी आताच भरीन.