कॉलेजच्या लॅपटॉपवर विंडोजच ठेवायचं की लिनक्सवर जायचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच विद्यार्थ्यांच्या डोक्यात आहे, खास करून ज्यांचा लॅपटॉप अजून व्यवस्थित चालतोय पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर यादीत बसत नाही म्हणून विंडोज ११ घेत नाही. मग लिनक्स टाकायचं, की आहे ते तसंच ओढायचं, की सरळ मॅक घ्यायचा. मी विंडोजवरून लिनक्सवर आलोय आणि अजून तिथेच आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमचा विषय वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगतो. फुकट आहे का, व्हायरस येतात का, दिसायला कसं आहे, हे सगळं सोडून देतो, तेवढं तुम्हाला माहितीच आहे.

सगळ्यात आधी तुमच्या कोर्सला सक्तीचं सॉफ्टवेअर कोणतं ते बघा. सॉलिडवर्क्स आणि आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर आहेत, ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर, अडोबीचं फोटोशॉप-इलस्ट्रेटर लिनक्ससाठी नाहीच. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर, डिझाइन असं काही असेल तर माझ्या मते विंडोज ठेवा, वाईनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची सोय) चालतंय का बघू वगैरे प्रयोग सेमिस्टर चालू असताना करू नका. उलट मॅटलॅब, आर, पायथॉन, स्टाटा, लाटेक (कोडसारखं लिहून पेपर-थीसिस बनवायची पद्धत), झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर), क्यूजीआयएस ही मंडळी तिन्हीकडे सारखीच चालतात, आणि तुमचं काम यातच असेल तर पुढचं वाचा.

माझं पारडं झुकलं ते एकाच कटकटीमुळे. माझा कोड माझ्या लॅपटॉपवर नीट चालायचा आणि डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर गेला की बंद पडायचा. सर्व्हर लिनक्सचा, लॅपटॉप विंडोजचा. आणि हे सर्व्हर लिनक्सचेच असणार हे धरून चला, नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या टॉप ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत लिनक्स सोडून दुसरं काही नाहीये, युनिव्हर्सिटीतले क्लस्टर (जोडून ठेवलेले सर्व्हर) त्याच घराण्यातले. म्हणजे लिहायचं एका पद्धतीच्या मशीनवर आणि चालवायचं दुसऱ्या, आणि दोघांच्या सवयी बारीकसारीक ठिकाणी वेगळ्या.

फाइलच्या नावाचंच घ्या. विंडोज नावातलं कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं दाखवतं पण फाइल शोधताना त्यात फरक करत नाही. फोल्डरमध्ये फाइल आहे कॅपिटल डी ची, कोडमध्ये मी लिहिलंय स्मॉल डी, तरी विंडोजला ती सापडते. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. त्यामुळे लॅपटॉपवर सगळं टेस्ट करून, आउटपुट बघून, समाधानाने अपलोड करायचं, स्लर्मच्या, म्हणजे सर्व्हरवर कामं लावणाऱ्या प्रोग्रामच्या, रांगेत जॉब टाकायचा, तो रांगेत तासन् तास थांबणार, शेवटी नंबर लागणार आणि सुरू झाल्या झाल्या 'फाइल सापडत नाही' म्हणून मरणार, मग दुरुस्त करून परत रांगेत शेवटी उभं राहायचं. त्यातही सुरुवातीलाच मेला तर बरं म्हणायचं, कारण ती ओळ स्क्रिप्टच्या शेवटाकडे असेल तर सगळं गणित होऊन निकाल लिहायच्या वेळी मरतो, आणि ते फार जिव्हारी लागतं.

दुसरा प्रकार ओळीच्या शेवटचा. विंडोजच्या पद्धतीत प्रत्येक ओळ दोन अदृश्य अक्षरांनी संपते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, हे जुन्या टेलिप्रिंटरपासून चालत आलंय. युनिक्सच्या पद्धतीत एकटं लाइन फीड. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) तशीच सर्व्हरवर टाकली की 'बॅड इंटरप्रिटर' असा मेसेज येतो, आणि तुम्ही पहिली ओळ दहा वेळा वाचता, ती बरोबरच असते, कारण जे चुकलंय ते डोळ्याला दिसतच नाही. तिसरा प्रकार एनकोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कशी साठवायची त्या पद्धतीचा, हा आपल्यासारख्या देवनागरी डेटा वापरणाऱ्यांना जास्त नडतो. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एनकोडिंग लिहिलं नाही तर विंडोजवर आजवर सिस्टिमचं जुनं कोड पेज धरलं जायचं आणि लिनक्सवर यूटीएफ-८, म्हणजे तीच स्क्रिप्ट तीच फाइल एकीकडे वाचते आणि दुसरीकडे एरर देते किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप कचरा वाचून पुढे जाते.

यात दोष विंडोजचा आहे असं मी म्हणणार नाही. दोन्ही पद्धती काही दशकांपूर्वी वेगवेगळ्या ठरल्या आणि आपापल्या जागी दोन्ही नीट आहेत. उपायही आहेत, एडिटरमध्ये ओळ कशी संपते ते खाली दिसतं आणि बदलता येतं, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) स्वतः रूपांतर करून देतं, सर्व्हरवर डॉस-टू-युनिक्स नावाची छोटी कमांड असते. मी हे सगळं वापरलंय. पण प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ज्या रात्री डेडलाइन असते त्याच रात्री नेमकं विसरायला होतं. लिनक्सवर आल्यावर हा सगळा विचारच डोक्यातून गेला. लॅपटॉपवर चाललं की सर्व्हरवर चालणार ही खात्री बऱ्यापैकी मिळाली (लायब्ररीच्या व्हर्जन वेगळ्या असतात तो भाग राहतोच), आणि शिवाय एसएसएच (सर्व्हरवर लांबून लॉगिन), आरसिंक (फाइली पाठवणं), परमिशन, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणं) हे जे मी सर्व्हरसाठी नाइलाजाने शिकत होतो ते रोज हाताखालून जायला लागलं आणि सवयीचं झालं. मी मोजमाप वगैरे केलेलं नाही, पण अभ्यासाचा वेळ अभ्यासात जायला लागला असं मनापासून वाटतं.

आता यावर कुणीही म्हणेल की विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) आहे की. बरोबर आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आज विंडोज सोडणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा रस्ता आहे. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालतो, त्याच्या आतल्या फाइल सिस्टिमला कॅपिटल-स्मॉल कळतं, ओळी नीट संपतात, वर सांगितलेल्या बहुतेक कटकटी त्यात मिटतात. माझी अडचण एवढीच की फाइली दोन ठिकाणी होतात. विंडोजच्या ड्राइव्हवरचं फोल्डर आतून उघडलं तर बारीक बारीक फाइलींचं काम खूप हळू होतं, म्हणून प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूला ठेवायचा, पण मग पीडीएफ, डाउनलोड, वर्डच्या फाइली विंडोजच्या बाजूला, आणि आपण दिवसभर इकडून तिकडे कॉपी करत राहतो. दुसरं म्हणजे रॅम. डब्ल्यूएसएल २ डिफॉल्ट सेटिंगमध्ये एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, सोळा जीबी असेल तर काही वाटत नाही, आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा ठेवून काम करताना मात्र जाणवतं. रॅम भरपूर असेल आणि वर्ड-एक्सेलवर रोजचं काम असेल तर मी डब्ल्यूएसएलला नाही म्हणणार नाही.

मॅकबद्दल थोडक्यात, कारण तो मी स्वतः कायमचा वापरलेला नाही, लॅबमधल्या मित्रांचा बघितलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यापासून बॅटरीच्या बाबतीत बाकीचे लॅपटॉप मागे पडले, दिवसभर चार्जर न आणता लेक्चर करणारे तेच दिसतात. आतून युनिक्सच असल्यामुळे ओळीच्या शेवटची भानगड नाही. पण कॅपिटल-स्मॉलच्या बाबतीत मॅकही डिफॉल्टला विंडोजसारखाच वागतो, त्यामुळे माझी मूळ कटकट तिथेही शिल्लक. आणि कमांड दिसायला त्याच असल्या तरी बीएसडी (युनिक्सचीच दुसरी शाखा) वळणाच्या आहेत, सेडसारखी (मजकूर बदलणारी) साधी कमांड सर्व्हरवर एका प्रकारे आणि मॅकवर दुसऱ्या प्रकारे लिहावी लागते, सोबत येणारं बॅशही (कमांड चालवणारा प्रोग्राम) लायसन्सच्या कारणामुळे ३.२ वर थांबलेलं, म्हणजे २००७ च्या आसपासचं. लॅपटॉप आधीच मॅक असेल तर मी फक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बदलणार नाही, पण कोडच्या कारणासाठी नवा मॅक घ्या असंही सांगणार नाही.

लिनक्सची खरी परीक्षा वर्डच्या फाइलीत होते. गाईड ट्रॅक चेंजेस लावून थीसिसचा चॅप्टर परत पाठवतात, तो लिब्रेऑफिसमध्ये (वर्डला फुकट पर्याय) उघडतो, कॉमेंट दिसतात, बदल दिसतात, पण पानं सरकतात, टेबल पुढच्या पानावर जातं, समीकरणं कधी कधी वेगळी दिसतात. कॅलिब्री आणि केंब्रियाच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया फॉन्ट टाकले की बराच फरक पडतो, कारण अक्षरांची रुंदी तीच राहते आणि ओळी तिथेच तुटतात. सगळ्यात जास्त जपायचं ते झोटेरोच्या संदर्भांना. वर्डमध्ये घातलेली सायटेशन डिफॉल्टला ज्या फील्डमध्ये असतात ती लिब्रेऑफिसला सायटेशन म्हणून कळत नाहीत, तिथे सेव्ह करून परत पाठवलं तर जिवंत संदर्भांचा साधा मजकूर होऊन बसू शकतो. झोटेरोमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे न्यायची सोय आहे ती वापरायची, आणि हे पहिल्या चॅप्टरच्या आधी ठरवायचं. तुमचे गाईड लाटेक चालवून घेत असतील तर हा पूर्ण परिच्छेद तुमच्यासाठी नाहीच. वर्डशिवाय बोलतच नसतील आणि आठवड्याला फाइल इकडून तिकडे जात असेल, तर ब्राउझरमधलं वर्ड कामापुरतं चालतं, पण त्यावर अख्खा थीसिस मी ठेवणार नाही.

परीक्षेचं आधी विचारून घ्या. लॉकडाउनवाली (परीक्षेपुरतं लॅपटॉपवर बाकी सगळं बंद करणारी) ऑनलाइन परीक्षा असेल तर लिनक्स बहुतेक चालणार नाही. सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी आहे, लिनक्ससाठी नाही, आणि असली सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू द्यायला सहसा नकारच देतात, तो मार्गही धरू नका. कॅम्पसच्या वायफायला लोक उगाच घाबरतात, एड्युरोम (शैक्षणिक संस्थांमधलं सामायिक वायफाय) असेल तर त्याच्या कॅट साइटवर आपल्या संस्थेची लिनक्ससाठीची स्क्रिप्ट मिळते, ती चालवली की सर्टिफिकेटसकट सेटिंग होऊन जातं. संस्था त्यात नसेल तर आयटीवाल्यांकडून सर्टिफिकेटची फाइल मागून घ्या, सर्टिफिकेट न तपासता जोडायचा पर्याय दिसतो तो घेऊ नका, कारण मग त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करून तुमचा पासवर्ड घेऊ शकतो.

हार्डवेअरचं माझ्यापुरतं सांगतो. बॅटरी विंडोजपेक्षा थोडी कमी टिकते असं वाटतं, फिंगरप्रिंट चालत नाही, झाकण बंद करून बॅगेत ठेवलं तर कधी कधी चार्ज अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेला असतो म्हणून मी लांब जाताना पूर्ण बंद करतो. प्रोजेक्टर, प्रिंटर, स्क्रीन शेअर यांचा त्रास झाला नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकल्यावर एक की नोंदवायची निळी स्क्रीन येते, ती घाईत ओलांडू नका, नाहीतर ड्रायव्हर लोडच होत नाही आणि कारण कळत नाही.

कोणतं लिनक्स यावर फार वेळ घालवू नका. शिकत असताना मला तरी दर सहा महिन्यांनी बदलणारी सिस्टिम नको वाटते, फेडोरा छान आहे पण एक व्हर्जन साधारण तेरा महिनेच सांभाळतात. उबुंटूची एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात, म्हणजे डिग्री त्यातच होऊन जाते. मी मिंट वापरतो, ते एलटीएसवरच उभं आहे आणि विंडोजमधून येणाऱ्याला हात लगेच बसतो.

जमत असेल तर मी ड्युअल बूट सुचवीन, मोठा भाग लिनक्सला आणि परीक्षा किंवा एखाद्या हट्टी सॉफ्टवेअरपुरतं छोटं विंडोज. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, झोप-जाग बघा, तिथेच अडलं तर पुढे जाऊ नका. मग विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बूटच्या सेटिंगला हात लागला की ती मागितली जाऊ शकते. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून तो ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. दोन्हीकडची घड्याळं वेगळी दिसायला लागली तर मशीन बिघडलेलं नाही, विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), लिनक्सला एक सेटिंग बदलून स्थानिक वेळ धरायला लावता येते. आणि हे सगळं परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत करा, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन आणि त्यातली दोन-चार फाइल उघडून बघून.