सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट प्रशिक्षण : सहा रविवारांनंतरचे परीक्षण

भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर वाहनांना लागणाऱ्या पिना आणि बुश तयार होतात. गेल्या वर्षी एका पिनेच्या बाहेरच्या व्यासावरून ग्राहकाकडून लागोपाठ तीन लॉट परत आले, तेव्हा मालकांनी मला आणि आमच्या सुपरवायझरला सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टच्या प्रशिक्षणाला पाठवले. सिक्स सिग्मा ही कामातील तफावत मोजून दोष कमी करण्याची पद्धत आहे आणि ग्रीन बेल्ट ही तिच्या प्रशिक्षणाची एक पातळी. वर्ग सहा रविवारांचा आणि दिवसभराचा होता. पुढे काही उणिवा सांगायच्या असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. असे वर्ग अनेक ठिकाणी चालतात आणि त्यांचा अभ्यासक्रम बराचसा सारखाच असतो, त्यामुळे निवड करू पाहणाऱ्या कोणालाही हे उपयोगी पडावे.

पहिला रविवार ओळखीत आणि इतिहासात गेला. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी मांडलेला कंट्रोल चार्ट (प्रक्रिया स्थिर आहे की नाही ते दाखवणारा आलेख), १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांनी सुरू केलेली सिक्स सिग्मा पद्धत, १९९५ पासून जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये केलेला तिचा प्रसार, आणि व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा व नियंत्रण हे पाच टप्पे, एवढे सारे त्या दिवशी झाले. स्लाइड इंग्रजीत होत्या, पण प्रशिक्षक मराठीत शिकवत होते. आमचे सुपरवायझर आयटीआय झालेले आहेत. इंग्रजी वर्गात ते गप्प बसले असते. येथे मात्र सर्वांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. माझ्या दृष्टीने या वर्गाचा हा पहिला मोठा गुण आहे.

दुसरा आणि तिसरा रविवार मोजमापाचा होता, आणि संपूर्ण फी एवढ्यासाठीच दिली असती तरी मला ती वसूल झाली असे वाटले असते. प्रशिक्षकांनी गृहपाठ दिला, तो असा : तुमच्याच कारखान्यातील दहा नग घ्या, तीन माणसांकडून प्रत्येक नग तीन-तीन वेळा मोजून घ्या, आधीचे वाचन कोणालाही दिसू देऊ नका, आणि ही नव्वद वाचने घेऊन या. आमच्या पिनेचा व्यास २० मिलिमीटर आणि टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±१५ मायक्रॉन (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे एकूण ३० मायक्रॉनची पट्टी. गणित केल्यावर आमच्या मोजण्यातीलच तफावत या पट्टीच्या ३४ टक्के निघाली. वाहन उद्योगात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजमाप चांगले, ३० टक्क्यांपर्यंत कामाच्या गरजेनुसार चालवून घेण्याजोगे आणि त्यापुढे अस्वीकार्य मानतात. वर्षभर आम्ही ज्या आकड्यांवरून ऑपरेटरला बोल लावत होतो, ते आकडेच विश्वासार्ह नव्हते. त्या दुपारी मला मनापासून वाईट वाटले आणि दुसऱ्या दिवशी मी दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना ते बोलूनही दाखवले.

कारण शोधताना दिसले की एक जण मायक्रोमीटरचे रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची मूठ) वापरत होता, दुसरा थिंबल (फिरवायची नळी) हाताने घट्ट करत होता आणि तिसरा पिनेवरचे कूलंट (यंत्रातील थंडाव्याचे द्रव) न पुसताच मोजत होता. अभ्यासात न दिसलेले एक कारणही त्याच चर्चेतून पुढे आले. पोलाद तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. म्हणजे यंत्रातून नुकतीच निघालेली आमची पिन जर १५ अंशांनी गरम असेल, तर तिचा व्यास साडेतीन मायक्रॉनने मोठा दिसतो. ऑपरेटर तो पाहून ऑफसेट (यंत्रात भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) कमी करतो आणि पिना थंड झाल्यावर लहान भरतात. आता मोजण्यापूर्वी पिन पुसून ठरावीक वेळ ग्रॅनाइटच्या पाटावर ठेवली जाते, मायक्रोमीटर स्टँडवर बसवलेला आहे आणि रॅचेटशिवाय कोणी मोजत नाही. नवीन उपकरण एकही घ्यावे लागले नाही. पुन्हा अभ्यास केला तेव्हा ते प्रमाण १४ टक्क्यांवर आले.

चौथ्या रविवारचा कंट्रोल चार्टही उत्तम शिकवला गेला. नियंत्रण मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातून काढायच्या असतात आणि त्यांचा ड्रॉइंगवरील टॉलरन्सशी संबंध नसतो, हे प्रशिक्षकांनी पाच-पाच नगांचे गट घेऊन, सरासरी आणि पल्ला काढून, फळ्यावर हाताने करून दाखवले. त्यानंतर नरसाळे आणि गोटी घेऊन एक प्रयोग झाला. गोटी लक्ष्यापासून जेवढी दूर पडेल तेवढेच नरसाळे दर वेळी उलट दिशेला सरकवले, तर गोट्यांचा पसारा कमी न होता वाढतो. प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचे माप, सुमारे १.४१ पट होते. आमचे सुपरवायझर तेथेच म्हणाले, ‘‘साहेब, आपण ऑफसेटचं हेच करतोय.’’ खरोखरच, प्रत्येक नगानंतर दोन-तीन मायक्रॉनची दुरुस्ती करण्याला आमच्याकडे दक्षता समजले जात होते. मी विचारले की इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजतो तसा व्यास हळूहळू वाढतच जातो, मग हात लावायचाच नाही का? त्यावर त्यांनी समाधानकारक उत्तर दिले : झीज ही कारण माहीत असलेली आणि एका दिशेने जाणारी तफावत आहे, त्यामुळे किती नगांमागे किती दुरुस्ती करायची हे आधी मोजून ठरवावे आणि तेवढीच करावी, एकेका वाचनामागे धावू नये. तसे सुरू केल्यापासून त्या पिनेचा सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितका चांगला) १.३३ च्या वर राहिला आहे आणि गेल्या चार महिन्यांत एकही लॉट परत आलेला नाही.

आता उणिवा. पाचवा रविवार जवळजवळ पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या मेनूंवर खर्च झाला आणि परीक्षेतही कोणते बटण कोठे आहे यावर बरेच प्रश्न होते. परवाना विकत घेणे आमच्यासारख्या कारखान्याला परवडत नाही. हेच काम साध्या स्प्रेडशीटवर कसे करावे, याला एक तास जरी दिला असता तरी पुरेसे होते.

याहून गंभीर आक्षेप आकड्यांबद्दलचा आहे. दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा वर्गात असंख्य वेळा आला, पण सरासरी दीड सिग्माने (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) सरकते असे गृहीत धरल्यावरच तो निघतो, हे सांगितले गेले नाही. प्रक्रिया मध्यावर स्थिर राहिली तर सहा सिग्मापलीकडे शंभर कोटींत साधारण दोनच नग जातात. या दोन आकड्यांत प्रचंड अंतर आहे आणि शिकणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरणही असेच, किती लाख डब्यांमागे एक चूक हा आकडा सांगून, पण ती कोणी व कशी मोजली याचा उल्लेख न करता दिले गेले. डब्यांवरील खुणा, ठरलेल्या स्थानकांवरची अदलाबदल आणि प्रत्येक टोळीची बांधलेली वाट हा त्या कामाचा खरा अभ्यासण्याजोगा भाग आहे आणि त्याविषयी वर्गात दोन मिनिटेही बोलणे झाले नाही. ज्या प्रशिक्षणाचा गाभा मोजमाप हा आहे, तेथे हे खटकते.

कार्यालयीन कामातून आलेल्यांना वर्गाने कमी दिले. माझ्या शेजारी एका वाहतूक कंपनीच्या बिलिंग विभागातील ताई बसत असत. त्यांच्याकडे मायक्रॉन नसतात. चुकीचा पीओ (खरेदी आदेश) नंबर, राहून गेलेला जीएसटी क्रमांक, उशिरा गेलेले बिल हे त्यांचे दोष. अशा कामात दोष कशाला म्हणायचे याची प्रत्येकाला सारखीच लागू होईल अशी व्याख्या आधी करावी लागते आणि मोजणीच्या आकड्यांसाठी वेगळा चार्ट लागतो. तो विषय शेवटच्या दिवशी जेवणाआधी घाईने उरकला. आमच्या डिस्पॅचची परत येणारी बिले मी तेवढ्यावरून मोजायला घेतली आहेत, पण बराच भाग स्वतः वाचून काढावा लागला.

यंत्रकामातील सुपरवायझर आणि तपासनीस यांनी हा वर्ग जरूर करावा. शक्यतो एका कारखान्यातून दोघांनी एकत्र करावा, कारण गृहपाठ एकट्याने होत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी प्रशिक्षकांना एवढे विचारून घ्यावे की नव्वद वाचनांचा अभ्यास आपल्याच नगांवर करून घेणार, की पुस्तकातील तयार आकड्यांवर. आमच्यानंतरच्या तुकडीला वेळेअभावी तयार आकडे दिले गेल्याचे कळले, आणि तसे असेल तर मी आमच्या दुसऱ्या सुपरवायझरना तेथे पाठवणार नाही.